मोतीचं मुसकं

त्याच्या लसीच्या पुस्तिकेवर नावाच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलं होतं : डेंजर. जात रॉटवायलर, नर, रंग काळा-तपकिरी. मालकाचं नाव कुणीतरी गिरवून गिरवून खोडलेलं. पुस्तिका माझ्या हातात होती आणि तो स्वतः वीसेक पावलांवर, निंबाच्या झाडाखाली, आमच्याकडे पाठ करून बसला होता. इतक्या रुंद पाठीचा कुत्रा इतका आकसून बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

हे फेब्रुवारी २०२५ मधलं. पारोळा सोडून धुळ्याकडे निघालं की एका मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, टाकून दिलेल्या कुत्र्यांचा निवारा चालतो. भुसावळहून आम्ही तिथे गेलो होतो ते गावठी कुत्री आणायला. आमची चिंगी तेरा वर्षांची होऊन दिवाळीआधी गेली होती. माझ्या मिस्टरांची रेल्वेतली शिफ्ट तिला पाठ होती. रात्रपाळीच्या दिवशी ती पहाटे आपोआप दाराशी जाऊन बसायची. त्यामुळे 'गावठीला काही शिकवता येत नाही' असं कुणी म्हटलं की मला आजही राग येतो. खान्देशात कुठला कुत्रा पाळावा असं मला विचारलंत तर मी गावठीच सांगेन. आखूड केस, सडसडीत अंग, आणि आमचा मे महिना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेला. निवाऱ्यातही बहुतेक गावठीच होती, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेली, हात पुढे केला की लाडाने अंगावर उड्या घेणारी. मी त्यांच्यातलीच एक निवडायला बसले होते. पण नजर सारखी त्या पाठीकडे जात होती.

तिथे कुत्र्यांचं खाणंपिणं बघणाऱ्या दादांना मी विचारलं, "याचं काय?"

ते म्हणाले, "याले कोनी नेत नही ताई. नाव ऐकतस आन परत जातस."

मार्च २०२४ च्या अखेरीस एका सकाळी तो फाटकाला बांधलेला सापडला होता. गळ्यात साखळी, साखळीला पिशवी, पिशवीत पुस्तिका. त्या महिन्यात काय झालं होतं ते आठवत असेल. १२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र धाडलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, टोसा इनू अशा तेवीस जातींची यादी होती. त्यांची आयात, पैदास, विक्री थांबवा, परवाने देऊ नका, आणि ज्यांच्या घरी हे कुत्रे आधीपासून आहेत त्यांच्या कुत्र्यांची नसबंदी करून घ्या, असं त्यात होतं. पाळलेला कुत्रा सोडून द्या असं नव्हतं. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्दही केलं. पण मोबाइलवरून घरोघरी पोचलं ते एवढंच, की खतरनाक कुत्र्यांवर बंदी आली. कुणीतरी घाबरलं, रात्री गाडी काढली, आणि तीन वर्षं दारात राखण करणाऱ्या जनावराला परक्या फाटकाला बांधून निघून गेलं. त्यानंतर जवळजवळ वर्ष तो त्या निंबाखाली होता.

आपल्या भाषेत कुत्र्याच्या बाबतीतही पहिला प्रश्न 'जात कोणती?' हाच असतो. पुढची दोन मिनिटं काय बोललं जाणार ते त्या उत्तरावर ठरतं. लॅब्रॅडॉर म्हटलं की माणसं बिनधास्त हात घालतात, गावठी म्हटलं की तोंड वाकडं करतात, रॉटवायलर म्हटलं की मुलांना मागे ओढतात. जातीचा काहीच संबंध नसतो, असंही मी म्हणणार नाही. पन्नास किलोच्या कुत्र्याकडून झालेली चूक आणि पाच किलोच्या पॉमेरेनियनकडून झालेली चूक एकच असली, तरी जखम एक नसते. म्हणून मोठा कुत्रा पाळणाऱ्यावर जबाबदारी मोठी. पण समोरचा कुत्रा या घडीला घाबरलाय, चिडलाय की नुसता दमलाय, ते त्याची जात सांगत नाही. ते त्याचं अंग सांगतं, आणि ते वाचायला मला शिकायचं होतं.

निवाऱ्याच्या ताईंनी मला त्या दिवशी कुत्रा दिला नाही. चार पानी अर्ज दिला. घरात कोण कोण, मुलगा किती वर्षांचा, घर स्वतःचं की भाड्याचं, कुंपणाची भिंत किती उंच, मेमध्ये त्याला फिरवायला किती वाजता नेणार, आणि मिस्टरांची बदली झाली तर कुत्र्याचं काय? या शेवटच्या प्रश्नापाशी आम्ही दोघं बराच वेळ थांबलो, कारण तो आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात त्या घर बघून गेल्या. भिंत दोन फूट वाढवा म्हणाल्या, वाढवली. विकणार नाही, साखळीला बांधून ठेवणार नाही, जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता परत आणून देऊ, अशा हमीपत्रावर सह्या झाल्या. नसबंदी आणि रेबीजची लस त्यांनी आधीच केली होती. काही लोकांना हे सगळं जाच वाटतं. मला तो पहिला दिलासा वाटला. इतकं विचारणारं कुणीतरी त्याच्या बाजूने उभं होतं.

आणि तीन भेटी घ्यायच्या, अशी अट.

पहिल्या भेटीत मला फक्त जमिनीवर बसायचं होतं. त्याच्याकडे तोंड करून नाही, कुशीने. डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही. माझ्या बाजूला उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवलेले. पाऊण तास गेला. तो जागचा हलला नाही. माझी चुळबुळ बघून दादा लांबून म्हणाले, "घाई करू नका ताई. त्याले येऊ द्या."

दुसऱ्या भेटीत तो उठला. मोठा वळसा घेऊन मागून आला आणि माझी चप्पल हुंगली. मग ओठांवरून जीभ फिरवली, मान वळवली आणि भलीमोठी जांभई दिली. मला वाटलं, झोप आली असेल. ताई म्हणाल्या, झोप नव्हे, अवघडलाय. कुत्रा असा मान वळवतो, ओठ चाटतो, जांभई देतो तेव्हा तो म्हणत असतो, मला भांडायचं नाही, तूही सबुरीने घे. आपण नेमकं तेव्हाच लाडाने अंगावर वाकतो आणि वरून डोक्याकडे हात नेतो. वरून येणारा हात त्याला माराचा वाटू शकतो. हात लावायचाच तर त्याने हुंगून झाल्यावर, छातीला किंवा खांद्याला, तीन सेकंद. मग हात काढून बघायचं. तो आणखी जवळ आला तर पुन्हा. नाही आला तर त्याचं उत्तर मिळालं.

त्याची शेपूट तळाशीच कापलेली होती. लहानपणीच कापतात, रुबाबदार दिसतो म्हणून. रॉटवायलरच्या मूळ देशात, जर्मनीत, १९९८ पासून याला बंदी आहे. शेपूट हलवतो म्हणजे खूश, हा आपला सगळ्यांचा हिशेब मुळातच अर्धवट आहे. ताठ उंच धरून भराभर हलणारी शेपूट रागाचीही असते. पण याच्याकडे तर तीही बोली उरली नव्हती. मला त्याचे कान, तोंडाचे कोपरे, अंगाचा ताठरपणा यांवरूनच समजून घ्यावं लागणार होतं.

तिसऱ्या भेटीला मुलगा आणि सासूबाई आल्या. आईंना भीती चावण्याची नव्हती. त्यांचे गुडघे दुखतात, आणि हे एवढं धूड अंगावर आलं तर आपण पडू, ही होती. तो आला तो थेट मुलाजवळ, आणि त्याच्या मांडीला अंग टेकवून उभा राहिला. अकरा वर्षांचं पोर, दोन पावलं मागे गेलं, पण हसत राहिलं. घरी येताना गाडीत त्यानेच नाव ठरवलं. मोती. काळ्या कुत्र्याचं नाव मोती कसं, असं त्याला कुणी विचारलंही नाही.

मोती घरी आला आणि तीन दिवस जेवला नाही. फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत बसून राहिला, लघवीलाही रात्री दिवे मालवल्यावरच अंगणात जायचा. ताईंनी आधीच सांगितलं होतं की तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे घराची रीत समजून घेण्याचे, आणि हे आपलं घर असं वाटायला तीन महिने. पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, ओढून बाहेर काढू नका. मुलगा रोज संध्याकाळी त्याच्याकडे पाठ करून बसायचा आणि शाळेचा धडा मोठ्याने वाचायचा. चौथ्या रात्री मला भांड्याचा आवाज आला. बिनमिठाचा चिकन-भात चाटूनपुसून संपवलेला. मी अंधारात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून रडले.

दुसऱ्या आठवड्यात तो मलूल झाला. हिरड्या पांढऱ्याफटक, एका नाकपुडीतून रक्ताची बारीक धार. गोचीडताप असणार हे मला चिंगीमुळे कळलं. एका दवाखान्यात नेलं तर तिथल्या माणसाने दारातूनच जात विचारली आणि म्हणाला, "आम्ही रॉटवायलर घेत नाही." आजारी जनावर पायाशी निपचित पडलेलं होतं, आणि त्याने खाली वाकून पाहिलंही नाही. ती दुपार मी विसरू शकत नाही. मग गेलो दुसऱ्या डॉक्टरांकडे, ज्यांची उमर गायी-बैलांत गेली आहे. ते रस्त्यावर येऊन मोतीशेजारी उकिडवे बसले, आधी हात हुंगू दिला, मग पापणी उलटून पाहिली. रक्त तपासलं आणि डॉक्सिसायक्लिन चार आठवडे सांगितलं. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी मुसकं शिकवून आणा. त्याच्यासाठीच. म्हणजे कुणी त्याला हाकलणार नाही."

मुसकं म्हणताच मला वाईट वाटलं. ज्याच्या माथी आधीच डेंजर लिहिलंय त्याच्या तोंडाला जाळी बांधून गल्लीतून न्यायचं? पण डॉक्टरांनी बैलाचं उदाहरण दिलं. कोळपणीला पिकात तोंड घालू नये म्हणून बैलाला मुसकं घालतात, त्यावरून कुणी त्या बैलाला गुन्हेगार म्हणतं का? मात्र तोंड आवळून बंद करणारा कापडी पट्टा घेऊ नका, म्हणाले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हा थंड होतो. भुसावळच्या उन्हात तोंड आवळलेला कुत्रा जीव सोडेल. टोपलीसारखी जाळी हवी, आत तोंड पुरतं उघडता येईल, पाणी पिता येईल अशी.

ती शिकवायला मला पाच आठवडे लागले. पहिले काही दिवस जाळी नुसती त्याच्या ताटलीजवळ ठेवलेली. मग तिच्या तळाला आतून बोटाने दही लावायचं आणि जाळी हातात धरून बसायचं. मी ती त्याच्या तोंडाकडे नेत नव्हते. तोंड त्याने आणायचं. पहिल्या दिवशी जिभेचं टोक. मग नाक. एकदा बाहेर कुकरची शिटी झाली आणि तो दचकून मागे सरला, तर आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. पंधराव्या दिवशी त्याने डोळ्यांपर्यंत तोंड आत घातलं आणि दही संपल्यावरही बाहेर काढलं नाही, आतूनच माझ्याकडे पाहत राहिला. पट्टा तरीही लावला नाही. पट्टा आणखी आठवड्याने, दोन सेकंद, मग पाच, मग अंगणात एक फेरी. आता खुंटीवरून जाळी काढली की तो स्वतः येऊन तोंड घालतो, कारण जाळी म्हणजे दही आणि फिरायला जाणं.

मेमध्ये नाशिकहून भाचा आला, सहा वर्षांचा. पारा पंचेचाळीसच्या पुढे होता, दुपारी सगळे कुलरपुढे. मोती पलंगाखाली ओल्या गोणपाटावर झोपलेला. मी ताक करत होते. भाचा पलंगाखाली शिरला आणि झोपलेल्या कुत्र्याच्या गळ्यात त्याने दोन्ही हात टाकले. मी वळून पाहिलं तेव्हा मोतीचं अंग लाकडासारखं झालेलं. तोंड मिटलेलं, धाप थांबलेली, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसत होती. आणि मग छातीतून आवाज आला, लांबून मालगाडी यावी तसा.

मी भाच्याला ओढलं आणि मोतीवर ओरडले. त्याला उन्हात अंगणात काढलं, दार लावलं. हात थरथरत होते. निवाऱ्याच्या ताईंना फोन केला तेव्हा मला वाटत होतं, त्या म्हणतील परत आणून द्या. त्यांनी आधी विचारलं, दात लागले का? नाही. झडप घातली का? नाही. मग त्या म्हणाल्या, "त्याने किती नीट सांगितलं बघा. आणि तुम्ही त्याला सांगितल्याबद्दल शिक्षा केलीत. उद्या तो गुरगुरणार नाही, थेट चावेल." संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "सिग्नल मोडून टाकल्याने गाडी यायची थांबत नाही." त्यांच्या नोकरीतलं वाक्य, पण माझ्या डोक्यात पक्कं बसलं. चूक मोतीची नव्हती, भाच्याचीही नव्हती. माझी होती. मुलाला आणि झोपलेल्या कुत्र्याला एका खोलीत सोडून मी पाठ फिरवली होती.

त्या दिवसापासून मोतीची झोपायची जागा आईंच्या खोलीच्या कोपऱ्यात, तिथे पोरांनी जायचं नाही. तो जेवताना, झोपेत असताना त्याला हात नाही. मिठी कधीच नाही, मिठी माणसांना आवडते, कुत्र्याला ती कोंडल्यासारखी वाटते. भाचा जाईपर्यंत दाराबाहेर बसून हळूच हाक मारायचा, "मोती, येतो का?" कधी मोती यायचा, कधी नाही. नाही आला की भाचा म्हणायचा, "त्याचा मूड नाही," आणि खेळायला जायचा. सहा वर्षांच्या पोराला जे दोन दिवसांत जमलं ते कितीतरी मोठ्यांना अजून जमत नाही, हे मी रोज पाहते.

गल्लीचं मात्र मला वेगळं शिकावं लागलं. कुत्रा पाळणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य असतं, "घाबरू नका हो, काही करत नाही." मीही चिंगीच्या वेळी दहादा म्हणायचे. समोरच्या आक्कांनी एकदा मला ऐकवलं, "तुला माहीत आहे काही करत नाही, मला काय माहीत?" त्यांच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या कुत्र्याने पोटरीला धरलं होतं. घरच्यांनी जखमेत हळद-चुना भरला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं; सुया पूर्ण झाल्या, पोरगा बचावला, पण महिनाभर त्या घरात कुणी धड झोपलं नाही. खरं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक इंजेक्शनला जायचं, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हे माहीत असलेल्या बाईला मी 'काही करत नाही' सांगून गप्प करणार होते, याची मला लाज वाटली. मी मोतीच्या लसीची पुस्तिका त्यांना दाखवायला नेली. आणि तेव्हापासून समोरून कुणी आलं की मीच रस्त्याची बाजू बदलते, पट्टा आखूड धरते, मोतीला माझ्या पायाशी बसवते. भिणाऱ्याने धीट व्हावं, ही अट मी कोण घालणार?

दूधवाल्या भाऊंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "ताई, हाऊ चावस का?" मी म्हटलं, दात आहेत म्हणजे चावू शकतो भाऊ, तुम्ही फाटकाबाहेर थांबा, मी बाहेर येते. ते म्हणाले, असं खरं सांगणारं घर पहिलंच.

श्रावणी अमावास्येला पोळ्यासाठी आम्ही अमळनेरजवळच्या गावी गेलो. गर्दी, वाजंत्री, अनोळखी पोरं, म्हणून वाटेतच मोतीला जाळी घातली आणि पोचल्यावर मिरवणुकीपासून लांब, आबांच्या मळ्यातच ठेवलं. सासरे म्हणजे आबा त्याला पहिल्यांदाच बघत होते. वासरू सुटून कपाशीकडे निघालं होतं. मोती उठला, पळाला नाही, भुंकला नाही. वासराच्या खांद्याला आपला खांदा लावून त्याला हळूहळू ढकलत गोठ्याकडे वळवू लागला. घरी येणाऱ्यांच्या मांडीला अंग टेकवतो, आईंना ज्या धक्क्याची भीती वाटायची, तोच हा धक्का.

आबा खाटेवरून उठून उभे राहिले. "याले कोनी शिकाडं?"

मिस्टरांनी सांगितलं, कुणी नाही. जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचे हे कुत्रे, गुरं हाकत बाजाराला न्यायचे, मांसाच्या गाड्या ओढायचे. रेल्वे आली, गुरं डब्यातून जाऊ लागली आणि यांचं काम गेलं. पार नष्ट व्हायला आले होते, मग १९१० च्या सुमारास तिकडच्या पोलिसांनी कामाला घेतले आणि तगले.

आबांनी एवढं सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. ते वासराकडे बघत होते. "हाऊ तं गुराखी शे," ते म्हणाले. मग बसले, कुशीने, मी त्यांना काही सांगायच्या आधीच, आणि हात खाली सोडून दिला. मोतीने तो जाळीतून हुंगला. मळ्यात आता आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आबांनी जाळीचा पट्टा सोडायला सांगितला. मी जाळी काढून त्यांच्या हातात दिली. गोठ्याच्या खांबावर बैलांची दोन मुसकी टांगलेली होती, सणाच्या दिवशी काम नव्हतं त्यांना. आबांनी मोतीचं मुसकं त्याच खुंटीला अडकवलं, आणि मोती बैलांच्या हौदावर जाऊन पाणी प्यायला लागला.